तटबंदी, मीटरच्या भावानं

जर्मनीचं म्हणून जे चित्र जगभरच्या कॅलेंडरांवर, चॉकलेटच्या डब्यांवर आणि जिगसॉ कोड्यांच्या खोक्यांवर छापलं जातं, ते पुष्कळदा एकाच ठिकाणचं असतं. दगडी फरसबंदीच्या रस्त्याला दोन फाटे फुटतात. मधोमध लाकडी सांगाड्याचं एक निमुळतं पिवळं घर, त्याच्यासमोर छोटा हौद. डावा फाटा सरळ एका चौकोनी मनोऱ्याखालून जातो, उजवा उताराला लागून दुसऱ्या वेशीतून नदीकडे उतरतो. कोपऱ्याचं नाव प्लोनलाइन, गावाचं नाव रोटेनबुर्ग ऑब डेर टाउबर. तिथे उभं राहिलं की छायाचित्रात खोट काढायला जागा उरत नाही. घर आहे तसंच आहे, मनोराही तसाच. फक्त छायाचित्रात नसलेली माणसं समोर असतात, आणि त्यातल्या प्रत्येकाला तेच छायाचित्र काढायचं असतं.

युरोपात सर्वांत चांगली जपली गेलेली मध्ययुगीन गावं कोणती, असं विचारलं की रोटेनबुर्गचं नाव पहिल्या दोन-तिनांत येतं. ते चूक आहे असं मला म्हणायचं नाही. पण ‘जपलं गेलं’ असं म्हटलं की कोणी, कधी आणि कशासाठी, हे विचारायचं राहून जातं. रोटेनबुर्गच्या बाबतीत या तीन प्रश्नांची उत्तरं गावापेक्षाही जास्त बघण्यासारखी आहेत.

बव्हेरियाच्या फ्रँकोनिया भागात, टाउबर नदीच्या खोऱ्यावर उभ्या असलेल्या कड्याच्या माथ्यावर हे गाव वसलं आहे. लोकवस्ती अकरा हजारांच्या आसपास. त्यातले बहुतेक लोक कोटाबाहेरच्या नव्या वस्त्यांत राहतात. वुर्त्सबुर्गहून आन्सबाखकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर श्टाइनाख नावाचं छोटंसं स्टेशन आहे. तिथे गाडी बदलायची की पंधरा मिनिटांत रोटेनबुर्ग. स्टेशन पूर्वेला, कोटाबाहेर. पाठीवर सामान टाकून चालत निघालं की थोड्याच वेळात रोडर वेस येते: खंदकावरचा पूल, टोकदार छपरांची पहारेकऱ्यांची दोन ठेंगणी घरं, मागे उंच मनोरा. आत पाऊल टाकलं की मध्ययुगात शिरल्यासारखं वाटतं. वास्तविक रेल्वेनं येणारा प्रवासी ज्या बाजूनं गावात शिरतो, ती बाजू 1945 साली जळून गेलेली आहे. वेशीवरच्या त्या मनोऱ्यात तेव्हाची छायाचित्रं मांडून ठेवलेली आहेत. सगळी गर्दी मात्र वर न चढता बाजार चौकाकडे जाते.

वेशीतून आत गेल्यावर दुतर्फा घरं नीट पाहिली तर फरक कळतो. छपरं उंच आणि उतरती आहेत, लाल कौलं आहेत, रस्त्याची वळणं जुनीच आहेत. पण भिंती सरळ, गिलावा सपाट, खिडक्या एका मापाच्या. घर शेजाऱ्यावर रेललेलं नाही, मजला रस्त्यावर झुकलेला नाही. खरोखरीची जुनी घरं पश्चिमेला आणि दक्षिणेला आहेत. तिथे तुळया वाकलेल्या असतात, दाराच्या चौकटी तिरक्या असतात, आणि दोन घरांमध्ये बोट जाईल एवढीच फट असते. एकदा नजर बसली की गाव चालता चालता दोन भागांत वेगळं होत जातं. पण या फरकाची गोष्ट सांगायची तर आधी आठशेहून जास्त वर्षं मागे जावं लागतं.

होहेनश्टाउफेन घराण्यातल्या तिसऱ्या कोनराडनं 1142 मध्ये इथे, नदीच्या वळणावरच्या सोंडेवर, राजकिल्ला बांधायला घेतला. किल्ल्यामागे वस्ती वाढली. 1274 मध्ये राजा रुडोल्फ फॉन हाब्सबुर्गनं गावाला मुक्त साम्राज्यनगरीचा दर्जा दिला. म्हणजे वर फक्त सम्राट, मध्ये कुठला ड्यूक नाही की बिशप नाही. न्याय, कर, तट, तह सगळं नगरसभेच्या हाती. 1356 च्या मोठ्या भूकंपात किल्ला कोसळला. आज त्या जागी बाग आहे आणि एक लहानसं प्रार्थनाघर. तोवर गावाचं किल्ल्यावाचून अडत नव्हतं. लोकर आणि धान्य यांच्या जोरावर 1400 च्या सुमाराला इथे पाच-सहा हजार माणसं राहत होती. आज हा आकडा एखाद्या तालुक्याच्या गावाला शोभणारा वाटेल, पण त्या काळच्या जर्मन मुलखात ते मोठं नगर होतं.

या भरभराटीला एक चेहरा आहे, हाइनरिष टोप्लर या महापौराचा. त्याच्या काळात नगरसभेनं आसपासच्या सरदारांकडून गावंच्या गावं विकत घेतली आणि कोटाबाहेर शेकडो चौरस किलोमीटरचा मुलूख उभा केला. खाली नदीकाठी 1388 साली त्यानं स्वतःसाठी बांधलेलं घर आजही आहे. खाली दगडी चिंचोळं खोड, वर त्यापेक्षा रुंद राहता मजला, असं ते अजब बांधकाम झाडाला बांधलेल्या मचाणासारखं दिसतं. पदच्युत झालेल्या राजा वेन्त्सेलची बाजू त्यानं सोडली नाही. नव्या राजाशी वाकडं आलं, आणि 1408 मध्ये आपल्याच नगरसभागृहाच्या तळघरातल्या कोठडीत तो मेला. ती कोठडी बघता येते. तिथली थंडी ऑगस्टमध्येही अंगावर काटा आणते.

गावात बघायची एकच गोष्ट निवडा असं कोणी म्हटलं तर मी प्लोनलाइन सोडीन आणि सेंट याकोब चर्चच्या पश्चिम टोकाला जाईन. हे चर्च 1311 मध्ये सुरू झालं आणि पुरं व्हायला पावणेदोनशे वर्षं लागली. पश्चिमेला वाढवताना मध्ये रस्ता आला. रस्ता बंद करण्याऐवजी त्यांनी चर्च रस्त्यावरून पलीकडे नेलं. खालून आजही माणसं जातात, आणि वर, त्या कमानीच्या माथ्यावर, टिलमान रीमेनश्नायडरनं कोरलेली ‘पवित्र रक्ता’ची वेदी आहे.

वेदीच्या वरच्या भागात, एका क्रुसात, स्फटिकाची कुपी आहे. येशूचं रक्त म्हणून ज्या थेंबाची पूजा होत असे तो या कुपीत आहे, अशी श्रद्धा. त्या थेंबासाठी यात्रेकरू येत, यात्रेकरूंमुळे गावाला पैसा मिळे, आणि त्या थेंबाला साजेसं घर हवं म्हणून नगरसभेनं हे काम दिलं. लाकडी चौकट गावातल्याच एर्हार्ट हार्श्नर या सुतारानं केली. मूर्तींचं काम 1501 मध्ये वुर्त्सबुर्गच्या रीमेनश्नायडरकडे गेलं आणि 1505 पर्यंत पुरं झालं. लिंडन वृक्षाचं लाकूड, रंग नाही, सोन्याचा वर्ख नाही. त्या काळी वेदीवरच्या मूर्ती रंगवायच्या हा रिवाज होता. इथे तो मोडला आहे. मधल्या कोनाड्यात शेवटचं भोजन चाललं आहे. मागच्या बाजूला खऱ्या काचेच्या बारीक खिडक्या बसवल्या आहेत, त्यातून दिवसाचा उजेड मूर्तींच्या मागून आत येतो. सकाळी जे चेहरे सावलीत असतात ते दुपारी उजळतात.

आणि मध्यभागी येशू नाही, यहूदा आहे. पाठीला पाठ लावून बसलेल्या शिष्यांमध्ये तोच एकटा उभा, हातात पैशांची पिशवी. येशू बाजूला झुकून घास त्याच्याकडे धरतो आहे. विश्वासघात करणाऱ्याला चित्राच्या मधोमध आणून ठेवायचं धाडस फार थोड्यांनी केलं असेल. ही यहूदाची मूर्ती वेगळी काढता येते. ती उचलली की मागे दडलेला, येशूच्या कुशीत डोकं टेकलेला योहान दिसायला लागतो. मला यात कलावंताचा निव्वळ खेळ दिसत नाही. विश्वासघातकी माणूस दूर झाल्याशिवाय प्रेम दिसत नाही, हा विचार त्यानं सुताराच्या युक्तीनं मांडला आहे.

त्याच चर्चमधली पूर्वेकडची मोठी वेदी फ्रीडरिष हेर्लिन या चित्रकाराची, 1466 ची. तिच्या मागच्या बाजूला फिरून जायला हवं. तिथल्या एका चित्रात संत याकोबच्या यात्रेच्या कथेला पार्श्वभूमी म्हणून हेर्लिननं सरळ रोटेनबुर्गचा बाजार चौक रंगवला आहे. गावाचं हे सर्वांत जुनं चित्र. 1501 च्या आगीत नगरसभागृहाचा जो भाग जळाला, तो या फळीवर अजून उभा आहे. आज बाहेर चौकात दिसतं ते नगरसभागृह म्हणजे मागे जुना गॉथिक भाग आणि पुढे 1572 नंतरचं नव्या चालीचं दर्शनी बांधकाम. त्याच्या मनोऱ्यावर जाणारा जिना शेवटी इतका अरुंद होतो की वरून उतरणारा माणूस खाली येईपर्यंत थांबावं लागतं.

1525 मध्ये शेतकऱ्यांचं बंड फ्रँकोनियात पेटलं आणि रोटेनबुर्ग बंडखोरांच्या बाजूला गेलं. बंड चिरडल्यावर त्याच बाजार चौकात मुंडकी उडवली गेली. वुर्त्सबुर्गचा महापौर होऊन गेलेला रीमेनश्नायडरही शेतकऱ्यांच्या बाजूनं उभा राहिला होता. त्याला तुरुंगात टाकलं, छळलं. 1531 मध्ये तो गेला आणि पुढची तीनशे वर्षं विसरला गेला. एकोणिसाव्या शतकात त्याच्या थडग्याची शिळा सापडली तेव्हा कुठे त्याचं नाव पुन्हा घेतलं जाऊ लागलं.

आता गावाच्या आवडत्या गोष्टीकडे यावं लागतं. बाजार चौकातल्या नगरसभासदांच्या जुन्या मद्यगृहावर घड्याळ आहे. ठरावीक तासांना त्याच्या दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघडतात. एकीकडे सेनापती टिली, दुसरीकडे माजी महापौर नुश. नुश हातातला पेला तोंडाला लावतो, टिली बघत राहतो, खिडक्या बंद होतात. खाली शंभर-दोनशे माणसं मान वर करून उभी असतात आणि त्यातल्या निम्म्या लोकांना नेमकं काय घडलं ते कळलेलं नसतं. गोष्ट अशी: तीस वर्षांच्या युद्धात, 1631 च्या ऑक्टोबरात, कॅथलिक सैन्याच्या टिलीनं प्रॉटेस्टंट रोटेनबुर्ग जिंकलं. तो गाव जाळणार आणि सभासदांना मारणार होता. त्याला मोठ्या पेल्यातून वाइन दिली. तो खूश झाला आणि म्हणाला, हा सव्वातीन लिटरचा पेला कोणी एका दमात रिकामा केला तर गाव सोडतो. नुश उठला आणि प्यायला. गाव वाचलं.

टिलीनं गाव घेतलं हे खरं. नुश नावाचा माणूस होता हेही खरं. पेला संग्रहालयात आहे. पण त्या काळच्या कुठल्याही कागदात या पराक्रमाचा उल्लेख नाही. गोष्ट दीडशेएक वर्षांनंतर लिहिलेली सापडते. 1881 मध्ये आडाम ह्योर्बर या गावातल्याच काच बसवणाऱ्या कारागिरानं त्यावर नाटक लिहिलं आणि ते पेंटेकॉस्टच्या सणाला नगरसभागृहाच्या मोठ्या दालनात झालं. तेव्हापासून सणाला ते होतंच. गावातलीच माणसं सैनिक, शेतकरी, सभासद होतात. पोशाख घरात पिढ्यान्‌पिढ्या जपलेले असतात.

हे साल महत्त्वाचं आहे, कारण 1881 पर्यंत रोटेनबुर्गला अशा नाटकाची गरज पडू लागली होती. वाइननं गाव वाचलं असेल-नसेल, युद्धानं ते कंगाल केलं यात शंका नाही. सैन्यामागून सैन्यं आली, प्रत्येकानं खंडणी घेतली, मग साथ आली. माणसं अर्ध्यावर आली, व्यापाराचे रस्ते दुसरीकडून वाहायला लागले. पुढची दोन शतकं इथे कोणी मोठं घर पाडून त्याहून मोठं बांधलं नाही, कारण बांधायला पैसाच नव्हता. इतर गावांनी तट पाडून रुंद रस्ते केले, राजवाडे आणले, बरोक थाटाचे दर्शनी भाग चढवले. रोटेनबुर्गनं गळकी कौलं बदलली आणि गप्प राहिलं. 1802 मध्ये बव्हेरियाचे शिपाई आले आणि सव्वापाचशे वर्षांची स्वायत्तता संपली. नव्या सरकारनं काही प्रार्थनाघरं निरुपयोगी म्हणून पाडली, डोमिनिकन जोगिणींच्या मठातलं चर्चही गेलं. मठ राहिला. आज तिथे नगरसंग्रहालय आहे, आणि त्यातलं काजळी धरलेलं मध्ययुगीन स्वयंपाकघर बघताना चूल पेटवायचीच काय ती बाकी आहे असं वाटतं.

मग चित्रकार आले. लुडविग रिष्टर, कार्ल श्पिट्सवेग आणि त्यांच्या मागोमाग इंग्रज जलरंगवाले. कारखान्यांच्या धुराला कंटाळलेल्या शहरी माणसांना या कोपऱ्यात हरवलेला काळ सापडला. 1873 मध्ये श्टाइनाखहून रेल्वेचा फाटा आला. गावातल्या शहाण्यांच्या लक्षात आलं की आपली गरिबी विकता येते. 1898 मध्ये ‘फेराइन आल्ट-रोटेनबुर्ग’ ही जुनं रोटेनबुर्ग जपणारी संस्था निघाली. नवी खिडकी कशी असावी, दुकानाची पाटी कशी असावी, याचे नियम झाले. इथून पुढे गाव आपोआप जुनं राहिलेलं नाही, ठरवून जुनं राहिलं आहे.

ठरवून जुनं राहण्यात एक गंमतही होते. गावात गुन्हे आणि शिक्षा यांचं एक प्रसिद्ध संग्रहालय आहे, जुन्या योहानाइटर मठाच्या इमारतीत. चहाड्या करणाऱ्याला घालायचा लोखंडी मुखवटा, भांडकुदळ बायकांच्या गळ्यात अडकवायचं लाकडी फिड्ल, दारुड्याला अंगावर वागवायला लावायचं पिंप, कमी वजनाचा पाव विकणाऱ्याला पाण्यात बुचकळायचा पिंजरा. आणि एक ‘लोहकुमारी’, आत खिळे असलेली माणसाएवढी पेटी, जिच्यासमोर लोक सर्वांत जास्त वेळ थांबतात. संग्रहालय स्वतःच सांगतं की ते खिळे एकोणिसाव्या शतकात बसवलेले आहेत. मूळ वस्तू लाजवण्यासाठीचा डगला होता. मध्ययुग क्रूर होतं, पण एकोणिसाव्या शतकाला ते पुरेसं क्रूर वाटलं नाही.

1933 नंतर या सगळ्या जुनेपणाला वेगळा मालक मिळाला. फ्रँकोनियात नाझी पक्षाला मतं भरभरून पडली होती, आणि रोटेनबुर्ग हे ‘सर्वांत जर्मन’ गाव म्हणून दाखवायला नामी होतं. ‘आनंदातून शक्ती’ या सरकारी सहलयोजनेतून देशभरातले कामगार इथे आणले गेले. आदर्श जर्मन घर, आदर्श जर्मन चौक, आदर्श जर्मन कुटुंब. त्या आदर्शात कोण बसत नाही ते वेशींवर लावलेल्या ज्यूद्वेषी पाट्यांनी सांगितलं. 22 ऑक्टोबर 1938 रोजी गावात उरलेल्या शेवटच्या सतरा ज्यूंना हाकलून दिलं. देशभर ज्यूंची प्रार्थनामंदिरं जाळली गेली ती त्यानंतर दोन-अडीच आठवड्यांनी. या कामात रोटेनबुर्ग देशाच्या पुढे होतं.

31 मार्च 1945, ईस्टरच्या आदल्या दिवशीचा शनिवार. सोळा अमेरिकी विमानं दुसऱ्याच ठिकाणी, एब्राखच्या तेलसाठ्यावर, जायला निघाली होती. तिथे धुकं होतं. मग रोटेनबुर्ग सापडलं. काही मिनिटांत गावाचा पूर्व आणि ईशान्य भाग पेटला. तीस-चाळीस माणसं मेली, तीनशेच्या आसपास घरं, नऊ बुरूज आणि तटबंदीचा सहाशे मीटरहून मोठा तुकडा गेला. जुन्या गावाचा साधारण चाळीस टक्के भाग. वारा उलटा असता तर चर्च आणि प्लोनलाइन कशावरून राहिले असते?

पुढचे दोन आठवडे गाव अमेरिकी तोफांच्या टप्प्यात येत गेलं. इथे योगायोग आडवा आला. अमेरिकेच्या युद्धखात्याचे उपमंत्री जॉन मॅक्लॉय यांच्या आईनं पूर्वी रोटेनबुर्ग पाहिलं होतं आणि घरी गावाचं चित्र आणून लावलं होतं. लहानपणापासून ते चित्र बघितलेल्या मॅक्लॉयनी सेनापती डेव्हर्सना सांगितलं, तोफा चालवू नका, वाटाघाटी करा. थोडे सैनिक पांढरं निशाण घेऊन गावात गेले: गाव लढवणार नसाल तर गोळे पडणार नाहीत, विचाराला तीन तास. शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा हिटलरचा हुकूम होता. तिथल्या जर्मन अधिकाऱ्यानं, मेजर ट्योमेसनं, तो मोडला. 17 एप्रिलला गाव शांतपणे अमेरिकनांच्या हाती आलं. नुशच्या पेल्यावर नाटक आहे, घड्याळ आहे. ट्योमेसच्या त्या निर्णयावर खिडक्या उघडत नाहीत. माझ्या मते दोन्हींत नाट्य याच्यातच जास्त आहे, पण त्यात वाइन नाही. मॅक्लॉयना मात्र गावानं युद्धानंतर सन्मान दिला.

जळालेल्या भागाचं काय करायचं? जर्मनीतल्या कितीतरी शहरांनी रस्ते रुंद केले आणि काँक्रीट ओतलं. काहींनी हरवलेल्या इमारतींची हुबेहूब नक्कल उभी केली. रोटेनबुर्गनं यातलं काहीच पूर्णपणे केलं नाही. रस्त्यांची जुनी रेघ आणि छपरांचा जुना उतार तोच ठेवला. दर्शनी भाग मात्र साधे, कोरीवकामावाचून. म्हणून पूर्वेकडची घरं मध्ययुगीन असल्याचं सोंग आणत नाहीत, फक्त ओळीत शिस्तीनं उभी राहतात. पाहणारा सोंग आहे असं समजून छायाचित्र काढतो, ही त्यांची चूक नाही. अपवाद काही ठिकाणी केला. तटबंदीजवळचं गेर्लाखचं लोहारघर, लाकडी सांगाड्याचं, उंच उतरत्या छपराचं, आता गावातल्या सर्वांत लाडक्या घरांपैकी एक. ते युद्धानंतर पुन्हा बांधलेलं आहे.

तटबंदीसाठी पैसे नव्हते. तेव्हा गावानं जगाकडे झोळी फिरवली. ठरावीक रक्कम दिली की तटाचा एवढा मीटर तुमच्या नावानं बांधला जाणार, आणि नाव दगडात कोरून भिंतीत बसणार. आजही रोडर वेशीजवळ लाकडी पायऱ्या चढून तटावरच्या छपराखालच्या वाटेनं चालायला लागलं की आतल्या बाजूला ती नावं ओळीनं येत राहतात. व्यक्ती, कुटुंबं, कंपन्या, क्लब. जर्मनी, अमेरिका आणि जपानही. पुढे मीटरचा आकडा. एकीकडे कोटाबाहेर रोखलेले बाणांचे झरोके, दुसरीकडे बॉस्टन आणि टोकियोचे लोक. मला या भिंतीचा भाग गावात सर्वांत प्रामाणिक वाटतो. मध्ययुगात हा तट नगरवासीयांनी कर भरून बांधला; विसाव्या शतकात तो पर्यटकांनी वर्गणी देऊन बांधला. ज्यांना गाव बघायचं होतं त्यांनीच ते विकत घेऊन उभं केलं, आणि पावती भिंतीवर लावली.

1950 मध्ये वुर्त्सबुर्ग ते फ्युसेन या वाटेला ‘रोमँटिक मार्ग’ असं नाव देऊन तो पर्यटकांपुढे ठेवला गेला आणि रोटेनबुर्ग त्याचं मुख्य ठाणं झालं. आज बाजार चौकापाशी बाराही महिने नाताळच्या वस्तू विकणारं भलंमोठं दुकान आहे, जुलैच्या उन्हातही आत कृत्रिम बर्फ. खिडक्या-खिडक्यांत मुठीएवढे ‘श्नेबालन’ मांडलेले असतात: लाटलेल्या पिठाच्या पट्ट्या गुंडाळून, गोळा करून तळायच्या आणि वर पिठीसाखर. आता ते चॉकलेटमध्ये, कॉफीमध्ये, पिस्त्यातही बुडवलेले मिळतात. साखरेचा साधाच घ्यावा. पहिला चावा खुसखुशीत आणि मग कोरडा. हातात पाण्याची बाटली असलेली बरी. रात्री काळा डगला, भाला आणि कंदील घेतलेला पहारेकरी पर्यटकांना गावातून फिरवतो. गोष्टी रंगवून सांगतो, आणि 1945 बद्दलही सांगतो, हे त्याच्या पदरात टाकायला हवं.

नाताळच्या दुकानापासून पाच-सात मिनिटांवर, उत्तरेला, यूडेनगासे, म्हणजे ज्यूंची गल्ली, आहे. गर्दी तिकडे फारशी वळत नाही. रोटेनबुर्ग ज्ञानाच्या जगात एकेकाळी ज्या माणसामुळे ओळखलं जाई, तो कोणी महापौर नव्हता. तो होता रब्बी मेइर बेन बारुख. तेराव्या शतकात त्यानं इथे अनेक वर्षं पाठशाळा चालवली; दूरदूरचे ज्यू समाज धर्मशास्त्रातले अवघड प्रश्न त्याच्याकडे निवाड्यासाठी पाठवत. 1286 मध्ये देश सोडून जात असताना तो पकडला गेला. राजा रुडोल्फनं, म्हणजे ज्यानं गावाला मुक्ती दिली त्यानंच, त्याला कैदेत ठेवलं आणि सुटकेसाठी पैसा मागितला. 1293 मध्ये मेइर कैदेतच वारला. प्रेत चौदा वर्षांनी, 1307 मध्ये, एका ज्यू धनिकानं पैसे मोजून सोडवलं. तोवर 1298 च्या कत्तलीत रोटेनबुर्गचे चारशेहून अधिक ज्यू मारले गेले होते. वाचलेले आणि नव्यानं आलेले पुन्हा स्थिरावले. 1349 मध्ये पुन्हा हल्ला, पुन्हा वस्ती. 1520 मध्ये योहानेस टॉयश्लाइन या धर्मोपदेशकाच्या चिथावणीनं त्यांना साफ बाहेर काढलं. हा टॉयश्लाइन पुढे शेतकऱ्यांच्या बंडात शिरला, आणि 1525 मध्ये बाजार चौकात उडालेल्या मुंडक्यांत त्याचंही एक होतं.

ज्यू गेल्यावर त्यांच्या कबरींचे दगड गावानं बांधकामाला वापरले. हिब्रू अक्षरांच्या त्या शिळा पुढे घरांतून, भिंतींतून आणि जमिनीतून निघाल्या. आता त्या संग्रहालयात आहेत. दफनभूमी होती तिथे, श्रानेनप्लाट्झवर, मोटारी उभ्या राहतात.

यूडेनगासेतली घरं मात्र आहेत. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला इथे ज्यू आणि ख्रिस्ती शेजारी शेजारी राहत होते. 1520 नंतर ही घरं गरीब कारागिरांकडे गेली आणि त्यांच्याचकडे राहिली. बॉम्ब या गल्लीपर्यंत पोचले नाहीत. घरमालकांना नवा मजला चढवणं परवडलं नाही, दर्शनी भागाला हात लावणं परवडलं नाही, तळघर उकरणंही परवडलं नाही. 10 नंबरच्या घराच्या तळघरात, जमिनीखाली, मिकवा आहे, ज्यूंचा विधिस्नानाचा हौद, घराच्याच वयाचा. त्यात भूजल अजून झिरपतं. घर मोडकळीला आलं होतं; बव्हेरियाचा वारसा जपणाऱ्या एका संस्थेनं ते हाती घेऊन त्याची दुरुस्ती केली. छपराच्या तुळया, मातीचा गिलावा आणि काजळी शक्य तिथे होती तशीच ठेवली.